शर्वरीचा दुभाषी

शर्वरीचा उजवा अंगठा आपोआप हलतो, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्या बहिणीच्या. चौथीच्या वर्गात दोघी एकाच बाकावर बसायच्या. नीरजाने घरी येऊन सांगितलं, "आई, शरू वर्गात उगाच अंगठा नाचवते. बाई दोनदा ओरडल्या."

"मी नाही नाचवत," शर्वरी म्हणाली. "त्याचा तोच नाचतो."

आईने, अक्षता मगदूमने, ते हसण्यावारी नेलं. शर्वरीचं असलं काहीतरी रोजच असायचं. जुळ्या बहिणी, चेहरे असे सारखे की सख्खी आत्यासुद्धा दोघींना आधी बोलायला लावायची आणि मग कोण कोणती ते ओळखायची. बोलायला लागल्यावर मात्र घोटाळा होत नसे. नीरजा मोजकं बोलायची. विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, वर एखादं 'म्हणजे' लावून ते आणखी नीट करायचं आणि थांबायचं. शर्वरीचं तोंड म्हणजे उघडा राहिलेला नळ. एक गोष्ट सांगता सांगता दुसरीत शिरायची, आणि शब्द सापडला नाही तर जागच्या जागी नवा बनवायची. पावसात भिजलेलं कुत्रं तिच्या मते 'चिपडगार' असायचं आणि रागावलेले बाबा 'फुसफुसकर'.

पंधरवड्यात अंगठ्याचं हलणं कोपरापर्यंत चढलं. जेवताना घास तोंडापर्यंत पोहोचेना. झोपेतही हात थडथडत राहायचा. मिरजेला दाखवलं, आकडीची औषधं सुरू झाली, वाढवली, बदलली. हात काही थांबला नाही. दिवाळीनंतर शर्वरीचा उजवा पाय ओढायला लागला आणि बोलताना मध्येच शब्द हरवायला लागले. उघडा नळ थेंबाथेंबावर आला. तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनीच त्यांना पुण्याला डॉ. यास्मिन मुजावर यांच्याकडे पाठवलं.

डॉ. मुजावर लहान मुलांच्या मेंदूच्या तज्ज्ञ. मूळच्या मिरजेच्याच असल्यामुळे त्यांचं बोलणं घरचं वाटायचं. त्यांनी मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं. उजवा अर्धा भाग भरलेल्या अक्रोडासारखा होता. डावा जागोजागी आकसला होता.

"फार दुर्मिळ आजार आहे," त्या म्हणाल्या. "शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी मेंदूवर उलटतात. आणि एकाच अर्ध्यावर."

अक्षताने पहिला प्रश्न विचारला तो हाच. "दोघी एकाच बीजाच्या. एकच रक्त, एकच घर, एकच ताट. मग हिलाच का?"

"दोघींना पत्त्यांचा एकसारखा जोड मिळालाय असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "तो जोड म्हणजे जनुकं. पण संरक्षक पेशी घडताना शरीर त्यातली काही पानं पिसतं. पुढे कुठला जंतू येईल ते माहीत नसतं, म्हणून लाखो तऱ्हेचे पहारेकरी तयार ठेवावे लागतात. हे पिसणं प्रत्येकीच्या अंगात वेगळं होतं, जुळ्या असल्या तरी. शर्वरीच्या डावात असं पान आलं की त्यातून घडलेला पहारेकरी घरच्यांनाच चोर समजायला लागला."

"आमचं काही चुकलं का?" अभिनंदनने विचारलं. त्याचं, म्हणजे मुलींच्या बाबांचं, मार्केट यार्डाजवळ ठिबकच्या नळ्या आणि पंपांचं दुकान होतं. बिघाड झाला की कुणाचं तरी चुकलेलं असतं, हा त्याचा रोजचा अनुभव.

"नाही. यात चुकत कुणाचंच नाही."

उपाय जुनाच होता आणि ऐकायला भयंकर. डावा अर्धा मेंदू बाकीच्या मेंदूपासून तोडून टाकायचा. नाहीतर तिथला जाळ थांबणार नाही आणि झटके चांगल्या अर्ध्यालाही ओढत नेतील. मूल चालतं, हसतं, माणसं ओळखतं. उजव्या हाताची बोटं मात्र कामाची राहत नाहीत, आणि दोन्ही डोळे शाबूत असूनही उजवीकडचं दिसत नाही.

"आणि बोलणं?"

"भाषा बहुतेकांची डाव्या अर्ध्यात असते. चार-पाच वर्षांचं मूल असतं तर उजव्या अर्ध्याने ते काम हळूहळू अंगावर घेतलं असतं. शर्वरी दहाची होतेय. या वयात कधी जमतं, कधी नाही."

मग त्यांनी दुभाष्याबद्दल सांगितलं.

उजव्या मेंदूला सगळं कळत नाही असं नाही, त्या म्हणाल्या. त्याला काय हवं, काय नको, कोण आवडतं, कशाची भीती वाटते हे सगळं ठाऊक असतं. बोललेलंही बरंचसं समजतं. त्याला जमत नाही ते या सगळ्याचं वाक्य करणं. ते काम करायला एक यंत्र निघालं होतं. मेंदूवर बसणारी केसाएवढ्या तारांची जाळी आणि कानामागे चुंबकाने चिकटणारी रुपयाएवढी टिकली. जाळी उजव्या अर्ध्यातली हालचाल टिपायची, टिकली तिचं वाक्य करायची आणि उजव्याच अर्ध्यातल्या ओठ-जिभेच्या केंद्राला ते बोलायला लावायची. तोंड मुलाचं, आवाज मुलाचा. वाक्य तेवढं यंत्राने जुळवलेलं.

"पण मनातल्या कुठल्या हालचालीचं कुठलं वाक्य होतं, हे यंत्राला कुणाकडून तरी शिकावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "शर्वरीकडून शिकता येणार नाही, तिच्या डाव्या अर्ध्यात नुसता गोंधळ आहे. परक्या मेंदूवरून शिकवून पाहिलं, जमलं नाही. घडण फार वेगळी पडते. आजवर असं जुळं मिळालं नव्हतं, की एक आजारी आणि एक धडधाकट."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. नीरजा तिथे बसून शर्वरीचा हलणारा हात आपल्या मांडीवर दाबून धरत होती.

नीरजाला कुणी विचारलं नाही असं नाही. आई, बाबा आणि डॉक्टर समोर बसून दहा वर्षांच्या मुलीला 'बहिणीसाठी करशील ना?' असं विचारतात, तसं विचारलं. ती म्हणाली, "करेन. म्हणजे, मला काही त्रास नाही."

सहा महिने दर शनिवार-रविवार नीरजा डोक्याला तारांची टोपी चढवून बोलत राहिली. चित्रं बघून गोष्टी सांगितल्या, भांडणं सांगितली, आवडीनिवडी सांगितल्या, पाढे म्हटले, शिव्यासुद्धा विचारल्या तेव्हा लाजत दोन सांगितल्या. तिच्या डोक्यात मनाचं वाक्य कसं होतं ते यंत्र गिरवत राहिलं. तिकडे शर्वरी शब्द गमावत गेली. शेवटी तिच्याकडे 'आई', 'नको' आणि 'नीरू' एवढेच उरले.

शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा तो हात शांत पडला. नंतरचे काही आठवडे शर्वरी गप्प होती, मोठे डोळे करून सगळ्यांकडे बघायची. मग जखम भरल्यावर कानामागे टिकली लावली गेली. शर्वरी थोडा वेळ तोंड उघडून-मिटून चाचपडली आणि म्हणाली,

"मला पाणी हवंय. म्हणजे, थोडंसंच."

सांगलीला घरी परतल्यावर अभिनंदनने सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

दोन वर्षं छान गेली असं कुणीही म्हणालं असतं. शर्वरी लंगडत का होईना शाळेत गेली, डाव्या हाताने लिहायला शिकली, सातवीत पोहोचली. बोलायची नीट, मोजकं, स्पष्ट. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आजारपणाने पोर शहाणी झाली हो." दर सहा महिन्यांनी पुण्याला जाऊन नीरजाची ताजी नोंद घ्यावी लागायची. मूल वाढतं तशी त्याची भाषा वाढते, आणि नीरजाची वाढलेली भाषा शर्वरीच्या टिकलीत भरायची असायची. बाकी तक्रार नव्हती.

पहिल्यांदा अक्षताला खटकलं ते एका दुपारी, जेवताना. शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. शर्वरीला शेंगा जिवापाड आवडायच्या. नीरजा त्यांना हात लावत नसे.

"शरू, शेंगा वाढू?"

"नको. म्हणजे, आत्ता नको."

आणि ती हे म्हणत असताना तिचा डावा हात पातेल्याकडे गेला आणि त्याने दोन शेंगा उचलल्या.

"अगं, नको म्हणालीस ना?"

"हो, नकोच," शर्वरी म्हणाली आणि शेंग चोखायला लागली. चोखता चोखता ती आपल्या हाताकडे आणि मग आईकडे बघत होती. चोरी पकडली जावी तसा चेहरा झाला होता. अभिनंदन खो-खो हसला. अक्षताला हसू आलं नाही.

त्यानंतर ती लक्ष ठेवायला लागली. अक्षता जिल्हा न्यायालयात लघुलेखक होती. साक्षी आता यंत्रच उतरवून घ्यायचं. साक्षीदार बोलला तेच शब्द उतरले आहेत ना, हे पडताळून पाहायचं काम तिच्याकडे होतं. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचं बोलणं ऐकायचं. कुठला साक्षीदार आपलं बोलतोय आणि कुठला पढवलेलं, हे तिला पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. पढवलेला माणूस अडखळत नाही. घरी शर्वरी अडखळत नव्हती. आणि तिच्या तोंडून जे येत होतं ते सगळं अक्षताने आधी नीरजाच्या तोंडून ऐकलेलं होतं.

तिने अभिनंदनला सांगितलं. तो म्हणाला, "जुळ्या आहेत गं. सारखं बोलणारच."

"आधी बोलायच्या का सारखं?"

"आधी ती आजारी नव्हती," तो म्हणाला आणि विषय तिथेच संपला.

फुटलं ते नीरजाकडून. त्या शनिवारी नोंदीसाठी पुण्याला निघायचं होतं. पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या, शर्वरी खाली गाडीत जाऊन बसली होती.

"मी नाही येणार," नीरजा म्हणाली.

"नीरू, उशीर होतोय."

"मी नाही येणार, आई. आजही नाही, पुढच्या वेळीही नाही."

"काय झालंय? दुखतं का टोपीने?"

"नाही दुखत." नीरजा दाराला पाठ लावून उभी राहिली. "परवा तिने माझ्या तक्त्यावर पाणी सांडलं. मी ओरडणार होते की मुद्दाम केलंस. तर तीच आधी म्हणाली, 'मुद्दाम नाही केलं, आणि आता मुद्दाम केलंस असं म्हणू नकोस.' मी जे म्हणणार ते तिला आधीच येतं. तिच्याशी भांडताच येत नाही मला. वर्गात मी काही बोलले की पोरी हसतात, म्हणतात शर्वरीने आत्ता हेच सांगितलं. मी आता वर्गात बोलतच नाही."

अक्षता घाबरली की चिडायची. तशीच ती आता चिडली. "अगं, तुझ्या बहिणीची वाचा आहे ती!"

"मग माझी कुठली?"

खालून हॉर्न वाजला. अक्षताने पिशवी उचलली, परत खाली ठेवली आणि म्हणाली, "नोंद द्यायची नाही. पण चल. डॉक्टरांना हे असंच्या असं सांग."

डॉ. मुजावरांनी नीरजाचं सगळं ऐकून घेतलं. मग शर्वरीला समोर बसवलं. "आपण एक खेळ खेळू," त्या म्हणाल्या. आधी टिकली लावलेली असताना त्यांनी साधे साधे प्रश्न विचारले. कुठला रंग आवडतो, कुणाशेजारी बसायला आवडतं, कशाची भीती वाटते. शर्वरीने पटपट उत्तरं दिली. मग टिकली काढून टेबलावर ठेवली आणि तेच प्रश्न चित्रं पुढे मांडून, सावकाश विचारले. आता शर्वरी बोलू शकत नव्हती. डाव्या हाताने चित्रावर बोट ठेवत होती. बरीचशी उत्तरं जुळली. काही जुळली नाहीत. तोंडाने निळा सांगितला होता, बोट नारिंगीवर गेलं. तोंडाने कुत्र्याची भीती सांगितली होती. कुत्रा चावला होता नीरजाला. बोट कुत्र्याच्या चित्रावर गेलं नाही, ते थेट रिकाम्या खोलीच्या चित्रावर जाऊन थांबलं.

डॉक्टरांनी चित्रं गोळा केली.

"मनात स्पष्ट असतं तिथे यंत्र बरोबर बोलतं," त्या म्हणाल्या. "मनात अंधुक असतं तिथे ते मोकळी जागा भरतं. आणि भरतं ते नीरजाने भरलं असतं तसं. आम्ही समजत होतो त्यापेक्षा हे जास्त होतंय."

"मग आता?"

"एक मार्ग आहे. यंत्राची मदत वर्षभरात थोडी थोडी कमी करत न्यायची. उजव्या अर्ध्याला कष्ट पडले तरच तो स्वतः वाक्य करायला शिकेल. पण हे तेरा-चौदाच्या आतच. त्यानंतर मेंदू इतका लवचीक राहत नाही."

"आणि नाही शिकला तर?" अभिनंदनने विचारलं.

"तर पुन्हा यंत्र लावू. पण तोवर मेंदूची घडी बदललेली असेल. यंत्राचं आणि त्याचं परत जमेलच असं मी सांगू शकत नाही. दोन्हीकडून जाण्याचा धोका आहे."

त्यांनी हे सगळं शर्वरीला समजावलं, चित्रं काढून, पुन्हा पुन्हा. आधी टिकली लावून विचारलं, "तुला काय वाटतं? ठेवूया की हळूहळू काढूया?"

"असू दे," शर्वरी म्हणाली. "म्हणजे, मला काही त्रास नाही."

नीरजाने मान खाली घातली. ते वाक्य खोलीतल्या सगळ्यांनी ओळखलं होतं.

डॉक्टरांनी टिकली काढली आणि परत तोच प्रश्न विचारला. दोन चित्रं पुढे ठेवली, टिकली असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी. शर्वरीने चित्रांकडे पाहिलंच नाही. तिने हात लांबवून टेबलावरची खरी टिकली उचलली, मुठीत घट्ट धरली आणि खुर्चीतून उठली. पाय ओढत नीरजापाशी गेली. बहिणीचा हात तिने उलटा केला, तळव्यावर टिकली ठेवली आणि नीरजाची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

नीरजा रडायला लागली. शर्वरी रडली नाही. ती परत येऊन आपल्या खुर्चीत बसली.

दोन्ही पालकांची संमती लागणार होती. सांगलीला घरी आल्यावर मुली आत गेल्या आणि अभिनंदनचा बांध फुटला.

"बोलतेय ती. शाळेत जाते, चार मैत्रिणी आहेत. ते काढून घ्यायचं? कशासाठी, तर शब्द कुणाचे या वादापायी?"

"वाद मी काढला नाही. तिनेच दिली ना टिकली."

"बारा वर्षांची पोर रागाने चप्पलही फेकते, अक्षता. तिला काय कळतंय पुढचं?"

"नीरूला दहाव्या वर्षी काय कळत होतं? तिचं 'हो' चाललं ना आपल्याला?"

तो दुकानात निघून गेला. निर्णय होईपर्यंत टिकली परत शर्वरीच्या कानामागे लागली, आणि आठवडा तसाच कुढत गेला. अक्षताची स्वतःचीही खात्री नव्हती. शर्वरी कायमची मुकी झाली तर सही आपली असेल, हे तिला कामावर बसल्या बसल्या आठवायचं आणि समोरच्या साक्षीदाराचे शब्द कानावरून निघून जायचे. पण अभिनंदन म्हणतो तसं आहे तेच चालू ठेवणं, ही पण एक सहीच होती.

रविवारी सकाळी अभिनंदनने स्वतःच्या हाताने शर्वरीच्या कानामागची टिकली काढली आणि तिला कृष्णेच्या घाटावर नेलं. दोघं जेवणाच्या वेळेला परतले. त्याचा शर्ट चिखलाने माखला होता.

"काय झालं?" अक्षताने विचारलं.

"मला वाटलं गप्प बसून राहील," तो म्हणाला. "अगं, एक क्षण बसली नाही. हात धरून ओढत नेत होती. हे बघा, ते बघा, सगळं खुणांनी. नावेत बसायचं म्हणून हट्ट. मी नको म्हटलं तर पाण्यात उतरली आणि मला ओढलं." तो हात धुवायला वळला आणि पाठमोराच म्हणाला, "अशी ती मला आजारपणानंतर भेटलीच नव्हती. आण तो संमतीचा कागद."

पुढचं वर्ष वाईट गेलं. यंत्राची मदत कमी झाली तशी शर्वरीची वाक्यं तुटायला लागली. आधी क्रियापदं गेली, मग नावं. 'ते... ते...' म्हणून ती बोट दाखवायची आणि समोरच्याला समजलं नाही की हातातलं फेकायची. घरातल्या तीन बश्या आणि एक आरसा गेला. चारांपैकी दोन मैत्रिणी येईनाशा झाल्या. बोलणं शिकवायला येणाऱ्या ताई रोज तासभर बसायच्या. गाणी आधी येतात म्हणून तिला गाण्यातून शब्द म्हणायला लावायच्या. शर्वरी तोंड मिटून बसायची. सहाव्या महिन्यात तर अक्षताने डॉक्टरांना फोन लावून विचारलं, "थांबवूया का?"

"अजून थोडं," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज ठाम नव्हता.

नीरजा या काळात तिच्याशी फारशी बोलायची नाही. बोललं तर आपलेच शब्द परत तिच्यात जातील अशी तिला भीती वाटायची. ती नुसती शेजारी बसायची. शर्वरी चित्र काढायची तेव्हा रंगांची झाकणं उघडून द्यायची, कारण एका हाताने ती उघडत नसत.

आणि मग एका सकाळी शाळेच्या घाईत अभिनंदन शर्वरीच्या बुटाचा पट्टा बांधत होता. त्याने डावा बूट उजव्या पायात चढवला, दाबून दाबून बसवायला लागला. शर्वरी कळवळली, आणि तिच्या तोंडातून स्वच्छ, खणखणीत शब्द आला,

"गाढवा!"

टिकली तेव्हा लावलेलीच नव्हती, ती टेबलावर होती. अभिनंदन हातात बूट घेऊन तसाच बसला होता.

"काय म्हणालीस?"

"गाढवा," शर्वरी म्हणाली. स्वतःच दचकली. मग हसली. "गाढवा... गाढवा!"

नीरजाने आयुष्यात वडिलांना गाढव म्हटलं नसतं. अभिनंदन उठला, गॅलरीत गेला आणि शेजारच्या कुलकर्ण्यांना ओरडून म्हणाला, "अहो, पोरगी मला गाढव म्हणाली!" कुलकर्णी काय समजायचं ते समजले. डॉ. मुजावर फोनवर हसत म्हणाल्या, "शिव्या उजवीकडूनच निघतात बऱ्याचदा. दार उघडलंय. आता मागून बाकीचे शब्द येतील."

आले, पण सगळे नाही आले. याबाबतीत अभिनंदनची भीती काही अगदीच खोटी नव्हती. शर्वरीला पूर्वीसारखं बोलता आलं नाही, यंत्रासारखंही नाही. तीन-चार शब्दांचं वाक्य, मध्ये मोठे थांबे. वर्गात तोंडी परीक्षा सुरू झाली की बाकीची मुलं खिडकीबाहेर बघत बसायची. दहावीला ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा सुटली. नीरजा तोवर सांगली सोडून पुण्याला शिकायला गेली होती, आणि पहिल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा घरच्यांना कळलं की ती किती बोलते.

मुली अठराच्या झाल्या त्या वर्षी डॉ. मुजावरांचा निरोप आला. परभणीच्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीला तोच आजार झाला होता. तिला जुळं नव्हतं. पण आता यंत्रं सुधारली होती. परक्या मेंदूवरून शिकलेलं यंत्र थोडे फेरफार करून चालू शकत होतं, आणि सगळ्यांत मोठी, नीट घेतलेली नोंद जगात एकच होती. ती नीरजाची.

"तुझ्या परवानगीशिवाय वापरणार नाही," डॉक्टर नीरजाला म्हणाल्या. "आणि ही पहिली आहे, शेवटची नाही. पुढे अशी बरीच मुलं येतील."

म्हणजे कुठल्या कुठल्या गावांतली मुलं 'म्हणजे, मला काही त्रास नाही' असं म्हणायला लागणार. नीरजाने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "शरूला विचारा. दोन्ही बाजू तिनेच पाहिल्यात."

म्हणून सगळे पुण्याला जमले. परभणीचे आईवडील खुर्च्यांच्या टोकावर बसले होते. मुलगी आईच्या मांडीवर होती, तिचा हात थडथडत होता. अक्षताला तो हात बघवेना.

"ताई," मुलीची आई शर्वरीला म्हणाली, "तुम्ही वापरलंय. लावू का आम्ही? खरं सांगा."

शर्वरी बराच वेळ गप्प राहिली. परभणीच्या बाईने गोंधळून अक्षताकडे पाहिलं. अक्षताच्या जिभेवर वाक्य तयार होतं, तिने ते गिळलं.

"लावा," शर्वरी म्हणाली. "लहान आहे. एकटी... पडेल. नाहीतर." पुन्हा थांबली. "मग काढा. वर्ष... दोन वर्षं. काढून... विचारा तिला. मी... येते. विचारायला."

नीरजाने डॉक्टरांकडे बघून मान हलवली. एवढी अट मान्य असेल तर नोंद घ्या.

बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिने आपल्या मुलीला जवळ ओढलं आणि घाबरत घाबरत विचारलं, "राग मानू नका, पण... काढल्यावर तिचं बोलणं असं अडत अडत येईल ना? तुम्हाला त्रास नाही होत?"

"होतो," शर्वरी म्हणाली. हे एक उत्तर तिने लगेच दिलं. मग ती खिडकीकडे बघत राहिली. खोलीत कुणीही तिच्या मदतीला गेलं नाही.

"शब्द... उशिरा येतात," ती शेवटी म्हणाली. "पण आता... मला विचारून येतात."